कवठ कुणाचं जवळ?

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करून पाहावा, असं म्हणतात. मला हा उपाय खर्चिक वाटतो. शिवाय प्रवासात माणूस निम्मा वेळ झोपलेला असतो, आणि झोपेत सगळेच सज्जन असतात. त्यापेक्षा त्याच्याबरोबर परसात एखादा बिनपैशाचा, बिनपंचाचा, बिनबक्षिसाचा खेळ खेळून पाहावा. ज्या खेळात जिंकून काही मिळत नाही आणि हरून काही जात नाही, त्या खेळात माणूस काय काय करतो ते पाहिलं की त्याची पत्रिका वेगळी मांडावी लागत नाही.

मोठ्या खेळांचं तसं नसतं. तिथं नीतीचं खातं सांभाळायला पगारी माणसं असतात. बॅटीची कड लागून झेल गेलेला फलंदाज पूर्वी निदान आभाळाकडे तरी बघायचा. जावं की उभं राहावं, अशी दोन क्षण त्याची चलबिचल व्हायची. आता तो शांतपणे मैदानावरच्या पडद्याकडे बघतो. खरं-खोटं करणं हे यंत्राचं काम झाल्यामुळे सद्सद्विवेकबुद्धी तंबूत ठेवून खेळायला उतरता येतं. परसात ती सोय नाही. परसात पडदा म्हणजे वाळत घातलेलं धोतर नाहीतर चादर, आणि त्यावर काही दिसत नाही.

आमचा खेळ कोणता, ते आधी सांगतो. त्याचं मूळ नाव बोच्ची. मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्याकडे सहा महिने राहिलो तेव्हा तिथल्या बागेत इटालियन आजोबा मंडळी तो खेळताना पाहिली. एक लहान चेंडू, त्याला ते पालिनो म्हणतात, तो आधी पुढे टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी आपापले चार-चार मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ जातील असे घरंगळवायचे. ज्यांचा सर्वांत जवळ, त्यांचा गुण. शिवाय प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले आणखी जेवढे जवळ असतील तेवढे जास्तीचे गुण. बस्स. धावायचं नाही, उडी मारायची नाही, घाम गाळायचा नाही. चेंडू टाकून झाला की कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे नाराजीनं बघायचं, एवढाच व्यायाम. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हा खेळ माझ्यासाठीच निघाला आहे, इटालियन लोक फक्त तो मी येईपर्यंत सांभाळत होते.

परत येताना एक संच आणावा असं फार वाटलं. पण बोच्चीचा एकेक चेंडू नऊशे ग्रॅमच्या वर भरतो. आठ चेंडूंचे सात किलोंहून अधिक झाले. माझ्या सामानातले सात किलो म्हणजे चंद्रपूरच्या नातवंडांसाठी घेतलेली चॉकलेटं, आणि सौभाग्यवतींचं म्हणणं असं पडलं की चेंडू न्यायचे असतील तर जरूर न्या, फक्त मग घरी तुम्हीच जा. मी नियम तेवढे घेऊन आलो. नियमांना वजन नसतं. त्यामुळेच ते मोडायलाही हलके जातात, पण तो मुद्दा पुढे येईल.

चेंडूंचा प्रश्न सुटला तो कवठानं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना कवठ म्हणजे काय ते सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: लाकडासारख्या कवचाचं, क्रिकेटच्या चेंडूएवढं, करड्या-पांढऱ्या रंगाचं फळ. आत आंबटगोड गर. महाशिवरात्रीला त्याची चटणी किंवा बर्फी होते. हे फळ निसर्गानं खाण्यासाठी केलं की घरंगळवण्यासाठी, याबद्दल मला शंका आहे. देठाकडची बाजू थोडी चपटी असल्यामुळे ते सरळ जाता जाता शेवटी मान वळवतं. विलायती लॉन बोल्सचे चेंडूही असेच मुद्दाम एका अंगानं कलते केलेले असतात. त्या खेळात आपल्या चार मुलींनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेला हरवून सुवर्णपदक आणलं, तेव्हा असा काही खेळ असतो हे अर्ध्या देशाला पहिल्यांदा कळलं. आमच्या कवठांत तो कल फुकट येतो.

आणखी एक गंमत. कच्चं कवठ जमिनीवर टाकलं तर उसळतं. पिकलेलं धप्पकन जागच्या जागी बसतं. बाजारातले लोक ते असंच टाकून पारखतात. म्हणजे दुसऱ्याचा चेंडू उडवायचा असेल तर कच्चं घ्यायचं आणि नेमक्या जागी बसवायचं असेल तर पिकलेलं. पिकलेलं फार जोरात टाकलं तर फुटतं आणि साऱ्या परसात वास सुटतो. मग खेळ थांबवून गूळ मागवावा लागतो. इटालियन लोकांच्या चेंडूंत ही सोय असल्याचं मला दिसलं नाही.

लहान चेंडू म्हणून बेहडा. त्रिफळ्यातला बेहडा. आमच्याकडच्या जंगलात त्याला तोटा नाही. मातीत दिसावा म्हणून त्याला पानाच्या डब्यातला चुना फासतो. बेहडा आणला तो आमच्या रेंजरसाहेबांनी, आणि आणताना वनोपज वाहतुकीचे नियम आम्हाला समजावून सांगितले. खिशातल्या एका बेहड्याला परवाना लागत नाही हे ऐकून आम्ही निश्चिंत झालो.

आता मंडळी. रेंजरसाहेब म्हणजे निवृत्त वनक्षेत्रपाल. सारी उमर आलापल्लीच्या सागवनात आणि बल्लारशाच्या डेपोत लठ्ठे मोजण्यात गेली. ते कुणाकडेही पाहिलं की आधी घेर बघतात, मग चेहरा. त्यांच्या खिशात अजूनही टेप असतो. दुसरे भाऊ, कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते. जमिनीखाली तीस वर्षं काढलेला हा माणूस, त्यामुळे जमिनीवर जे काही चाललं आहे ते सगळं बरंच चाललं आहे असं त्यांचं ठाम मत आहे. तिसरे गुरुजी. जिल्हा परिषदेचे शिक्षक, नोकरीची बहुतेक वर्षं धानोऱ्याच्या बाजूला. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा 'मी बदली न होता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो' असं ते सांगतात. आणि चौथा मी, बँकेतला. माझी गडचिरोलीला बदली झाली तेव्हा पुण्याचे नातेवाईक मला शेवटचं भेटावं तसे भेटून गेले. निवृत्त झाल्यावर मी परत येईन म्हणून त्यांनी वाट पाहिली. मी चंद्रपुरात मूल रस्त्याकडे घर बांधलं. घरामागे परस आहे, विहीर आहे, एक पपई आहे आणि कडेला जास्वंद. मधली जागा शेणानं सारवली की कवठ असं सुरेख घरंगळतं की काय सांगू.

दिवाळीपासून होळीपर्यंत हा खेळ चालतो. त्यानंतर नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या उन्हात परसात उभं राहणं हा खेळ नसून प्रायश्चित्त असतं.

तर आता नीतीचा प्रश्न.

या खेळात सगळं काही एका वाक्यावर अवलंबून असतं: कुणाचं जवळ? एक कवठ बेहड्याच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला, आणि दोन्हींमध्ये फरक असा की उभं राहिलेल्या जागेप्रमाणे बदलतो. प्रत्येक जण आपल्या कवठाच्या बाजूनं बघतो आणि प्रत्येकाला आपलंच जवळ दिसतं. यात खोटेपणा नाही. ते खरोखरच तसं दिसतं. लहानपणी गोट्या खेळताना वीत टाकायचो; ज्याची वीत तो ती आवळायचा किंवा ताणायचा आणि भांडण व्हायचं. साठीनंतर भांडणं होत नाहीत. साठीनंतर मतभेद होतात.

नजरेनं मोजावं की प्रत्यक्ष मोजावं, हा वाद तसा जुना आहे आणि गंमत म्हणजे तो बेहड्यापासूनच सुरू झाला. वेदकाळातले फासे बेहड्याच्या फळांचे असत. ऋग्वेदात जुगाऱ्याचं जे प्रसिद्ध सूक्त आहे, त्यातला तो बिचारा बायको, घर, अब्रू सगळं घालवतो ते याच फळापायी. आणि महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट आहे. राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवराला निघालेला. सारथी म्हणून वेष बदललेला नळ. वाटेत राजानं एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं नि फळं किती ते सांगून टाकलं. सारथी म्हणाला, थांबा, मोजतो. स्वयंवराला उशीर होतो आहे, राजा घाई करतो आहे, आणि हा गृहस्थ झाड पाडून पानं मोजत बसला! आकडा बरोबर निघाला. मग राजानं त्याला फाशांची विद्या दिली, आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरला.

ही गोष्ट मी आमच्या मंडळींना सांगितली तेव्हा रेंजरसाहेबांना एकदम जोर आला. "बघा! राजाचा शब्द, तरी मोजला. राजाला राग आला का? नाही ना? उलट विद्या दिली." भाऊ म्हणाले, "ते ठीक आहे जी. पण एक हिरवं झाड पाडलं त्याचं काय? तुम्ही ड्यूटीवर असते तर केस केली असती का नाही?" रेंजरसाहेब गप्प झाले. कलमाचा आकडा आठवत होते बहुधा.

मोजण्याचा हा वाद चेष्टेत चालला असता, पण मधेच गुरुजींचे डोळे आले.

गुरुजींना काचबिंदू आहे. हा रोग फार सभ्यपणे चोरी करतो. आधी बाजूचं दिसणं हळूहळू नेतो, समोरचं ठेवतो, त्यामुळे घरात चोर शिरला आहे हेच माणसाला उशिरा कळतं. आणि जे गेलं ते परत येत नाही. औषधानं उरलेलं सांभाळायचं, एवढंच. गुरुजींचं बरंच गेल्यावर कळलं. तरी ते रोज साडेपाचला फाटक उघडून येत, कवठ हातात घेऊन उगाचच तोलून बघत, आणि पांढऱ्या ठिपक्यासारखं जे काही दिसे तिकडे घरंगळवत. मग मान वर करून विचारत, "कोनाचं जवर?" गुरुजी शाळेत आणि रागात प्रमाण मराठी बोलतात, एरवी झाडीबोली, तिथं 'ळ'चा 'र' होतो. त्यामुळे त्यांचं कवठ जवळ नसलं तरी 'जवर' असायला हरकत नव्हती.

पहिल्यांदा भाऊंनी ते केलं. कवठ पपईच्या बुंध्याशी जाऊन बसलं होतं, बेहड्यापासून चांगलं दोन हात. भाऊ म्हणाले, "तुमचंच आहे जी गुरुजी! एक पॉइंट." त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की बोलायची सोयच नाही. रेंजरसाहेबांचा हात खिशातल्या टेपकडे गेला आणि तिथंच राहिला. मी बँकेतला, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यावर शेरा मारायचा नाही, ही सवय. मी मान हलवली. गुरुजींना ती दिसली नसणार, पण आपण हलवली याचं समाधान असतं.

मग ते रोजचंच झालं. गुरुजी जिंकू लागले. दोन हिवाळे जिंकत राहिले.

गुरुजी उठून गेले की वाद होई. भाऊंचं म्हणणं साधं होतं. गुण हे काय चीज आहे? कवठाचे गुण बँकेत भरता येत नाहीत. एक म्हातारा माणूस संध्याकाळी हसत घरी जातो, यात कोणाचं काय गेलं? खाणीत छत कडकडलं तर आपण नव्या पोराला म्हणतो, 'काही नाही रे, चल पुढे.' त्याला खरं सांगून काय तो वर लवकर येणार आहे? रेंजरसाहेब म्हणत, लठ्ठ्यावर खोटा घेर लिहिला की तो लठ्ठा कायमचा खोटा झाला. तो उभा चिरला तरी त्यातून खरं निघत नाही. "आणि भाऊ, छत पडायला आलं तर तुम्ही खरंच 'चल पुढे' म्हणता का?" यावर भाऊंनी सुपारी कातरायला घेतली.

मी दोन्हीकडून विचार करत बसे. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. आयुष्यात एकदाच अर्धं खोटं बोलला, आणि रथ खाली टेकला. चार अंगुळं. आमच्या परसातही भांडण तेवढ्याच मापाचं असतं. पण धर्मराज गुरूला मारण्यासाठी खोटं बोलला, आणि आम्ही गुरुजींना जिंकवण्यासाठी. दोघांना एकच दंड लावायचा हे मला पटत नाही. दयेपोटी बोललेल्या खोट्याला पापाच्या यादीत घालायला मी आजही तयार नाही. नाहीतर दवाखान्यात रोग्याला भेटायला जाणारे आपण सगळे नरकातच जाऊ, आणि तिथंही एकमेकांना म्हणू, 'तब्येत छान दिसतेय!'

अडलं ते दुसऱ्याच एका गोष्टीशी. बोच्चीला एक चुलतभाऊ आहे, बोचिया. १९८४पासून तो पॅरालिंपिकमध्ये खेळतात. सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांनी ज्यांच्या हातापायांवर ताबा नसतो, त्यांचा हा खेळ. ज्यांना चेंडू हातानं टाकताच येत नाही, ते उतरत्या पन्हळीवरून सोडतात. पन्हळ हलवायला मदतनीस असतो. पण त्यानं खेळाडूकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून पाहायचं नाही. खेळाडू सांगेल तिकडे पन्हळ वळवायची. नेम चुकत असला तरी 'जरा डावीकडे घे' म्हणायचं नाही. हे वाचलं तेव्हा आधी मला ते फार कठोर वाटलं. ज्या माणसाला सगळ्या गोष्टींत मदत लागते, त्याला इथं तरी करू द्या की! मग लक्षात आलं, की इतर सगळीकडे लोक त्याच्यासाठी बघतात, ठरवतात, बोलतात. ही एक जागा अशी की जिथं चूक झाली तर ती त्याची स्वतःची. एवढी मालमत्ता त्याला मिळावी म्हणून दुसऱ्या माणसाला पाठ फिरवून बसवलं आहे.

हे मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

याच सुमारास गुरुजींनी आपण होऊन मेंढा-लेखाची गोष्ट काढली. म्हणजे ती ते नेहमीच काढत. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लागणारं हे शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. देवाजी तोफा तिथले, आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'च्या मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्या गावाशी आयुष्य जोडलेलं. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि २०११मध्ये बांबूचा. पण गुरुजींचं कौतुक जंगलाचं नसे, ते ग्रामसभेचं. तिथं मतदान नाही. बहुमत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. एक माणूस जरी 'नाही' म्हणाला तरी निर्णय थांबवायचा आणि पुन्हा बसायचं. शिवाय ठरवण्याआधी नीट समजून घेण्यासाठी अभ्यासाची बैठक वेगळी. रेंजरसाहेबांना या पद्धतीचा नोकरीत त्रासच झाला असणार, कारण साहेब जीपमधून उतरून सही मागतो आणि गाव म्हणतं, बसा, आम्ही बोलतो. ते नुसते हसले.

"एकमत," गुरुजी म्हणाले, "म्हंजे ज्याच्याबद्दल ठरवाचं, तो बी बसला पायजे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या परसातही एकमत होतं की! गेले दोन हिवाळे तीन विरुद्ध शून्य मतांनी कारभार चालला होता.

स्फोट झाला तो पौषातल्या एका संध्याकाळी. अंधार लवकर पडला होता. गुरुजींचं कवठ निघालं ते थेट विहिरीच्या कट्ट्यावर. 'टक्क' असा स्वच्छ आवाज झाला. बेहडा तिथून पाच हात लांब. भाऊ सवयीनं म्हणाले, "तुमचंच जी."

गुरुजी जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मले दिसत नाई. आयकू तं येते ना. कट्टा गोटाचा आहे. बेहडा का गोटाच्या कट्ट्यावर ठेवला होता?"

कोणी बोललं नाही. जास्वंदीवर एक पाखरू होतं, तेही उडालं.

मी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला किती दिवस माहीत आहे?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाले बरं वाटत होतं ना जी. मी म्हनलं, तीन मानसं रोज खुशीत असतेत, आपल्या जिंकल्यानं कोनाचं काय बिगडते?"

भाऊंचाच युक्तिवाद, शब्दन्‌ शब्द तोच, फक्त उलट दिशेनं आलेला. आम्ही दोन वर्षं गुरुजींवर दया करत होतो आणि गुरुजी दोन वर्षं आमच्यावर. कोण कुणाला खेळवत होतं हे मोजायला टेपचा उपयोग नव्हता.

पण गुरुजींचं बोलणं संपलं नव्हतं. कवठ हातात फिरवत ते म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी शाळेतल्या मराठीत सांगितलं, म्हणजे रागच आला होता: "एक गोष्ट मात्र बरोबर झाली नाही. दोन वर्षं मी किती चुकतो, डावीकडे जातो की उजवीकडे, कमी पडतो की पुढे जातो, हे मला कोणी सांगितलं नाही. मी सुधारणार कसा? चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. सगळ्यांना दहापैकी दहा दिले असते तर त्यांतलं एक तरी पोर शिकलं असतं का?"

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, आणि रेंजरसाहेबांनी 'मी म्हणत होतो' असं म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

त्या रात्री आम्ही ग्रामसभा भरवली. चौघांची. ती तीन संध्याकाळी चालली आणि तेवढा वेळ खेळ बंद होता. रेंजरसाहेबांनी मांडलं की गुरुजींची पाळी आली की बेहड्यामागे एकानं तांब्या वाजवावा. आवाजाच्या रोखानं त्यांनी टाकावं. भाऊ म्हणाले, ही सवलत झाली, गुरुजी सवलत घेणार नाहीत. मग मी फ्रान्सची गोष्ट सांगितली. तिकडे पेतांक नावाचा याच जातीचा खेळ आहे. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ला सिओता गावी निघाला. आधीच्या खेळात चेंडू टाकण्यापूर्वी पावलं टाकत पुढे यावं लागे. एका चांगल्या खेळाडूला, ज्यूल लन्वार त्याचं नाव, संधिवातानं ते जमेना. तो नुसता बसून बघू लागला. तेव्हा त्याच्या मित्रानं नियम काढला: सगळ्यांनीच पाय जमिनीवर रोवून टाकायचं. आज जगभर लोक तसंच खेळतात. त्याला एकट्याला सूट दिली नाही, त्याला खोटे गुणही दिले नाहीत. खेळच एक पाऊल त्याच्याकडे सरकला. (त्याच खेळात तेरा-शून्य असा सपाटून हरणाऱ्याला एक विलक्षण शिक्षा असते. ती मी मंडळींना सांगितली, पण इथं छापण्यासारखी नाही.)

गुरुजींना गोष्ट पटली. ठरलं असं की तांब्या सगळ्यांसाठीच वाजायचा, आणि टाकताना सगळ्यांनीच डोळे मिटायचे. दुसरं असं की टेप रद्द. मोजायचं सुतळीनं, आणि मोजणार गुरुजी, बोटांनी चाचपून. ज्याच्याकडून माप लपवलं होतं, त्याच्याच हातात माप. यावर कुणाची हरकत आहे का, असं तीनदा विचारलं. पपईखाली सौभाग्यवती उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, माझी आहे. तांब्या पूजेचा आहे. म्हणून पुन्हा बसलो आणि तांब्याच्या जागी पोहे ठेवायचा जुना डबा आला.

पहिल्या दिवशी गुरुजी बारा-तीन असे हरले. आम्हा सगळ्यांनाच डोळे मिटून टाकायचं असल्यामुळे खेळाचा दर्जा एकूणच घसरला होता. माझी दोन कवठं शेजाऱ्यांच्या हद्दीत गेली. तरीही ते सगळ्यांत जास्त हरले, आणि प्रत्येक टाकीनंतर किती चुकलं ते विचारत राहिले. "हातभर डावीकडे." "पुन्हा हातभर?" "नाही, आता वीतभर." दुसऱ्या दिवशी फाटक पाचलाच वाजलं. माझा चहा व्हायचा होता. गुरुजी डबा काखोटीला मारून एकटेच परसात गेले.

महाशिवरात्रीपर्यंत ते बारा-सातवर आले होते. मग रीतीप्रमाणे कवठांची चटणी झाली आणि मोसम संपला.

यंदाच्या दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं आहे. आता गुरुजी कधी कधी जिंकतात. भाऊंना मात्र एक शंका आहे, ती त्यांनी मला फाटकाशी गाठून हळू आवाजात सांगितली. त्यांचं म्हणणं, गुरुजी आपल्या कवठाचं माप घेताना सुतळी ताणून धरतात आणि आमच्या कवठाचं घेताना जराशी सैल.

"मग उद्या विचारू या का?" मी म्हटलं. "रेंजरसाहेबांकडे टेप आहेच."

भाऊंनी सुपारी गालात सारली, बराच विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या जी. आधी आणखी एकदोन दिवस बघू."